घुमटासाठी दोन हात

भंडाऱ्याच्या शाळेत मी चित्रकला शिकवत असे. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट सोळा वर्षं दर साली फळ्यावर काढला: एक घुमट आत, दुसरा त्याच्यावर, आणि दोन्हींच्या मधून वर जाणारा जिना. त्या जिन्यावर एकदा पाय ठेवायचा, एवढ्यासाठी ऐंशीच्या दशकात नागपूरहून निघालेल्या इटलीच्या सहलीत मी नवऱ्याला ओढून नेलं. ते पाटबंधारे खात्यात होते. त्यांचे साहेबही त्याच सहलीत आले आणि तिथंच माशी शिंकली.

जाहिरातीत प्रबोधनकाळातल्या इमारतींचं भारी कौतुक होतं. प्रत्यक्षात तीन दिवस आम्ही इमारतींच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढले आणि सोबतचा चिवडा संपवला. फ्लॉरेन्सला सहलप्रमुखाने बसमध्येच विचारलं, "वेळ एकाच गोष्टीला आहे. घुमट की चामड्याचा बाजार? घुमटाला निदान तिघं झाले तर गाइड सोबत देतो. एकट्यादुकट्याला सोडणार नाही. हात वर करा."

माझा हात आधीच वर होता. दुसरा भंडाऱ्याजवळच्या कारध्याच्या एका आजीबाईंचा. त्यांचे गुडघे पार गेलेले. "मले चढता नाही येत, मी खाली बसून राहीन," त्या म्हणाल्या, "पन या बाईले एकटी कायले पाडता?"

तिसरा हात माझ्या शेजारीच होता, नवऱ्याचा. "आज तुझा घुमट," असं सकाळी चहा पिताना ते स्वतः म्हणाले होते. हात खांद्यापर्यंत आला. मग त्यांनी मागे वळून साहेबांकडे पाहिलं आणि तो खाली घेतला. बाजाराचं विचारलं तेव्हा साहेबांपाठोपाठ तोच हात झटकन वर गेला. भर बसमध्ये मी तोंडघशी पडले. अठरा वर्षांच्या संसारात इतकी फसवणूक मला कधी जाणवली नव्हती.

बाजारात ते दोन पट्टे घेऊन माझ्याकडे आले. "तुले रंगातलं समजते ना. सायबाले कोणता शोभून दिसन?"

"त्यायलेच विचारा," मी म्हटलं. "तुमचा हात त्यायलेच विचारून वर होते."

आजूबाजूला सगळी आपलीच माणसं, सगळ्यांनी ऐकलं. ते दुकानदाराकडे वळले आणि त्यांनी तपकिरी पट्टा बांधून घेतला.