टाच आणि चवडा

पालमच्या बसस्थानकामागच्या गल्लीत धम्मशीलाबाईंचा शिवणवर्ग आहे. पुढच्या खोलीत सात मशिनी, सगळ्या पायानं चालवायच्या. मोटारीची मशीन घे म्हणून मुलगा पुण्याहून दर फोनला सांगतो. त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "हात कुणाचाबी वळतो रे. पाय वळला तर पोरगी शिकली." नव्या मुलीला पहिले चार दिवस दोरा मिळत नाही. रिकाम्या मशीनवर बसून नुसता पाय मारायचा. पाय उलटा पडला की चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटून खाली गुंता होतो.

नवरा सिद्धोधन तालुक्याच्या कचेरीत कारकून. इस्त्रीचा शर्ट आणि मोजकं बोलणं. त्याची शंभर सीसीची गाडी वीस वर्षं चालली. तिच्यावर पोरगा पुढं टाकीवर, पोरगी मागं, आणि लग्नकार्य असलं की मधे सामानाची पिशवी. धम्मशीलाबाई एसटीनं जायच्या. पुढं पोरगा नोकरीला लागला, पोरगी सासरी गेली, आणि चोपन्नाव्या वर्षी सिद्धोधननं जुन्या धाटणीची मोटारसायकल घेतली. गोल दिवा, फुगीर हिरवी टाकी, आणि गल्लीच्या तोंडापासून ओळखू येणारा आवाज.

"कॉलेजात असतानाच ठरवलं होतं," एवढंच तो म्हणाला. मग त्यानं मागची सीट रुमालानं पुसली. "आता दर रविवारी दोघांनी जायचं. कुठंबी."

धम्मशीलाबाईंना गाडी ठीक वाटली. रविवार मात्र फार आवडला.

पहिल्या रविवारी दोघं निघाले पंचफुलाकडं. ही बाईंची धाकटी बहीण, सोनपेठच्या अलीकडच्या गावात दिलेली. वाटेत ओढ्यावर पूल आहे. पुलावर खड्डे, म्हणून गाडी हळू झाली, आणि पलीकडच्या चढावर चार गचके खाऊन बंद पडली. बाई उतरल्या, पदर खोचून चढ चालत गेल्या, वर जाऊन पुन्हा बसल्या. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी बांधावर शेळ्या चारणारा एक म्हातारा तर उठून उभाच राहिला. "बाईमाणूस उतरलं की चढती का व गाडी?"

"एकट्याला कशी चढती?" वर पोचल्यावर बाईंनी विचारलं.

"एकट्याला? पाण्यावाणी जाती," सिद्धोधन म्हणाला, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यानं हेल्मेटचा पट्टा लावायला घेतला.

सोमवारी त्यानं गाडी चंद्रभान मिस्त्रीकडं टाकली. बुधवारी रात्रीच्या जेवणाला म्हणाला, "रविवारी पंचफुलाच्या नातवाचं नामकरण हाय. तू सकाळच्या एसटीनं पुढं जा. मी येतो गाडीवर मागून. दोघांना ओढायली न्हाई ती." त्याचा आवाज मऊ होता. कचेरीत एखाद्याचा अर्ज परत करताना असा आवाज लावत असेल, असं बाईंना वाटलं.

शेजारच्या नर्मदाबाईंनी गुरुवारी सकाळीच कुंपणावरून विचारलं, "काय गं, पंपावर हवा भरायली व्हतीस का काय स्वतःत? एवढी मोठी गाडी बसली म्हणं खाली."

"तुमाला बसवून बघू का एकदा? मग कळंल," बाई म्हणाल्या. पण दळणाचा डबा घेऊन गिरणीत गेल्या तेव्हा आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्या काट्यावर उभ्या राहिल्या. अडुसष्ट किलो. दुपारी त्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत वर्गातल्या तीन मुलींना विनाकारण रागावल्या.

राग वजनाचा नव्हता. एकदा एसटीनं गेलं की पुढच्या रविवारीही एसटी, आणि मग हळूहळू तो एकटाच फिरायला लागेल. तो मुद्दाम करणार नाही, तसंच पडत जाईल, हे त्या ओळखून होत्या.

वर्ग सुटल्यावर त्या चंद्रभानकडं गेल्या. गाडी बाहेर उभी होती.

"काय सापडलं?"

"काईच न्हाई, ताई. इंजन नवंकोरं हाय. साहेबांना कसं सांगावं तेच सुचंना."

"मला मागं बसव आन त्या पुलावर चल."

चंद्रभाननं इकडं तिकडं बघितलं. "मी? लोक काय म्हणतील?"

"तुझ्या बायकूला ब्लाऊज शिवायला मी शिकवलंय. लोकांना तेवढंच सांग."

चंद्रभान आडदांड माणूस. त्याच्यामागं बाई नेहमीसारख्या एका बाजूनं बसल्या, दोन्ही पाय डावीकडं सोडून. अशा बसणाऱ्या बाईला समोरचा रस्ता दिसत नाही. तिला दिसतो गाडी चालवणाऱ्याचा डावा पाय. पूल आला, गाडी हळू झाली, चढ लागला. चंद्रभाननं चवड्यानं गिअर पुढून खाली दाबला. गाडीचा आवाज भरदार झाला आणि ती दोघांना घेऊन सरळ वर गेली.

"थांब," बाई म्हणाल्या. "आत्ता तू चवडा दाबलास. आमचे साहेब इथं टाच मारतात."

"टाच?" चंद्रभान मागं वळून बघायला लागला. "अवो ताई, टाचंनं या गाडीचा गिअर वाढतो, चवड्यानं कमी व्हतो! जुन्या गाडीचं उलटं व्हतं, तिथं टाच मारली की कमी व्हायचा. साहेब चढावर गिअर वाढवायलेत!"

"मग एकट्याला कशी चढती?"

"दम हाय इंजनात. एकट्याला वरच्या गिअरमदीबी नेतंय वढून. दोघं असले की मरतंय." तो हसू दाबत म्हणाला, "सांगू का साहेबांना?"

"तू सांगितलंस तर हो म्हणतील आन चढावर पुन्हा टाचच मारतील. ते माझ्याकडं राहू दे."

शुक्रवारी संध्याकाळी गाडी अंगणात आली. बाईंनी पायाची गोष्ट सांगितली तसा सिद्धोधनचा चेहरा उतरला. "माहीत हाय की मला. शोरूमवाल्यानं सांगितलं होतं."

"तुमाला माहीत हाय. तुमच्या पायाला न्हाई. बसा."

"इथं? अंगणात?"

"बसा म्हणते ना."

गाडी स्टँडवर, इंजिन बंद. गिअरच्या मागच्या टोकाला बाईंनी जाड चिंधी गुंडाळली, टाच पडली की पायाला कळावं म्हणून. मग स्टूल घेऊन बाजूला बसल्या. "पूल आला. चढ लागला. हं." टाच पडली. "पुन्हा." टाच. "पुन्हा. माझ्याकडं बघू नका, पायाकडंबी बघू नका. समोर बघा." पंधराव्या-सोळाव्या वेळी चवडा आला. बाई हसल्या नाहीत. "पुन्हा," म्हणाल्या.

वर्गातली पिंकी विसरलेली कात्री न्यायला आली होती. दारातूनच तिनं विचारलं, "म्याडम, काकांना दोरा कधी मिळणार?"

"परवा," बाई म्हणाल्या. सिद्धोधननं मान खाली घातली, पण खांदे हलत होते.

शनिवारीही तसंच झालं. रविवारी सकाळची एसटी बसस्थानकातून निघाली तेव्हा बाई घरात साडीच्या निऱ्या नीट करत होत्या.

पूल आला. बाईंची नजर खाली. चढ लागताच सवयीनं टाच उचलली गेली, चिंधीला लागली, थबकली. पाय पुढं सरकला आणि चवडा दाबला गेला. गाडीनं आवाज बदलला. गाडी दोघांना घेऊन चढून गेली. सिद्धोधननं वर गेल्यावर उगाच थोडा वेग वाढवला आणि बाईंनी त्याचा खांदा धरला.

पंचफुलाच्या दारात मांडव होता. बुद्धवंदना झाली, बाळाचं नाव ठेवून झालं, चहा आला. पंचफुलाचे यजमान माणिकराव गाडीभोवती फिरून आले. "काय पाव्हणं, दिसायला झ्याक हाय. पन दोघांना वढती का?"

या प्रश्नाच्या उत्तराची गोष्ट बाईंनी वाटेतच जुळवून ठेवली होती. स्वयंपाकघरात, बायकांत, त्या शेळ्यावाल्या म्हाताऱ्याच्या आवाजासकट सांगायची. पण सिद्धोधननं कप खाली ठेवला आणि भर मांडवात सांगून टाकलं, "गाडी पैल्यापासून वढायली, पाव्हणं. मीच चढावर गिअर वाढवायलो होतो. हिला पायी चालवलं तीन रविवार. मग हिनं चार दिवस अंगणात बसवून माझा पाय शिकवला, पोरींना शिकवती तसा."

मांडव हसून हसून मोडायचा राहिला. धम्मशीलाबाईंना आपली गोष्ट गेल्याचं थोडं वाईट वाटलं. त्यांनी पदर सावरला आणि चूक होती तेवढी दुरुस्त केली.

"चार न्हाई, दोनच दिवस लागले. पाय चांगला हाय त्यांचा."