चॅम्पने माझ्या हातात टॉवेल दिला

टेक्सासमधल्या प्लेनोहून कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलला विमानाने तीन-साडेतीन तासांत जाता येतं. आम्ही गाडीने तीन दिवस घेतले. "वेडी आहेस का?" असं नागपूरहून बहिणीने फोनवर विचारलं, तेव्हा मी निसर्ग, मोकळे रस्ते, वाटेतली गावं असं काहीबाही सांगितलं. खरं कारण सांगवत नव्हतं. सगळं मनासारखं झालं तर गाडी आणि लेक दोन्ही तिकडेच राहणार होत्या आणि मी एकटी विमानाने परत येणार होते. मनासारखं म्हणजे लेकीच्या मनासारखं.

लेक म्हणजे सई. वय बावीस, जन्म इथलाच, कॉलेज नुकतंच संपलेलं. शाळेत असताना तिने बॉक्सिंगचा हट्ट धरला तेव्हा "दोन महिन्यांत कंटाळेल" म्हणत आम्हीच फी भरली. ती काही कंटाळली नाही. आता तिला प्रोफेशनल व्हायचं होतं आणि शिकायचं होतं ते ग्लेनडेलच्या एका आर्मेनियन माणसाकडे, जो एकेकाळी लाइटवेट गटात वर्ल्ड चॅम्पियन होता. तिने व्हिडिओ पाठवले. त्याचं उत्तर आलं, 'या, बघू. येताना घरचं कुणीतरी सोबत आणा.' नवऱ्याच्या ऑफिसात नेमकी गडबड होती, म्हणून मी निघाले. सईची एकही मॅच मी आजवर धड पाहिलेली नाही. हॉलमध्ये बसते, पण नजर छताकडे. आणि खरं सांगते, तो माणूस नाही म्हणेल या आशेवर मी गाडीत बसले.

हा रस्ता ज्यांना करायचा आहे त्यांनी पहिल्या दिवशी पहाटे निघून थेट एल पासो गाठावं. फोर्ट वर्थ मागे पडलं की ॲबिलीन, मिडलंड, आणि मग बघायला फक्त आभाळ. मिडलंडच्या पुढे गॅस स्टेशनं, म्हणजे पेट्रोल पंप, विरळ होत जातात, अर्धी टाकी रिकामी झाली की भरून घ्या. शाकाहारी मंडळींनी घरून डबा न्यावाच. आमच्याकडे मेथीच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. सईने चटणीला हात लावला नाही, कारण वजन. मी मात्र तिच्या वाटचीही खाल्ली, कारण टेन्शन.

दुसऱ्या दिवशी लास क्रूसेसच्या पुढे बॉर्डर पेट्रोलची चौकी लागते. ग्रीन कार्ड हाताशी ठेवा, माझ्यासारखं सुटकेसच्या तळाशी नको. त्या माणसासमोर डिकी उघडून मी सगळे कपडे उपसले आणि सई सीटवर खाली खाली सरकत गेली.

खरा पराक्रम संध्याकाळी उघडकीला आला. फीनिक्सला शिरताना मॉटेलवाल्याचा फोन, "मॅम, आज येताय ना?" मी म्हटलं, "आज कसं? उद्या!" तो म्हणाला, बुकिंग आजपासून आहे. मी गाडी बाजूला घेऊन नीट पाहिलं. एक ग्लेनडेल कॅलिफोर्नियात आहे आणि एक इथे, फीनिक्सला चिकटून, ॲरिझोनात. मी चार रात्रींसाठी ॲरिझोनातल्या ग्लेनडेलमध्ये खोली घेऊन ठेवली होती, एक दिवस आधीच्या तारखेपासून, आणि तीही पैसे परत न मिळणारी.

"आई," सई हसू दाबत म्हणाली, "तुझा जॉब काय आहे गं, सांग ना परत?"

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. लोकांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. सई हसून हसून रडली. निघाल्यापासून पहिल्यांदाच आम्ही दोघी एकाच गोष्टीवर हसत होतो, त्यामुळे मला त्या खोलीचं फारसं वाईट वाटलं नाही. एक रात्र तिथे काढली आणि सईने जिमला फोन लावून आसपासच्या स्वस्त हॉटेलांची चौकशी केली. तिकडून एक जाडाभरडा आवाज आला, "हॉटेल कशाला? घर आहे." बाकी काही न विचारता पत्ता पाठवला.

तिसऱ्या दिवशी गॅस ॲरिझोनातच भरून घ्या, कॅलिफोर्नियात दर पाहून डोळे पांढरे होतात. हद्दीवर ब्लाइथला गाडीत फळं आहेत का विचारतात. मी नागपूरची, माझ्या पिशवीत संत्री नसतील असं कसं होईल! पिशवी सोडावी लागली. पाम स्प्रिंग्सच्या पुढे डोंगराच्या कुशीत पवनचक्क्यांची रांगच्या रांग दिसते, तिथे मात्र जरूर थांबा. आम्ही थांबलो. सई वाऱ्यात उभी राहून म्हणाली, "तो नाही म्हणाला, तर मी वेडी होईन, आई." मी तिच्या तोंडावर आलेले केस मागे सारले.

ग्लेनडेलमध्ये दुकानांच्या पाट्या अर्ध्याअधिक आर्मेनियन लिपीत आहेत. बेकरीच्या बाहेर म्हातारे बुद्धिबळ खेळतात. चॅम्पचं घर टेकडीच्या पायथ्याशी. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यानेच हात जोडून सांगितलं, "नाव टाकलंत तर सगळ्या आया माझ्याकडे येतील." पंचेचाळिशीचा, नाक बसलेलं, हसताना लाजणारा माणूस. दारात त्याचा मोठा भाऊ आशोत उभे होते. फोनवरचा जाडाभरडा आवाज त्यांचाच. मी मनातल्या मनात त्यांना आशोतदादा करून टाकलं.

मी मांस खात नाही म्हटल्यावर चॅम्पच्या बायकोने अजिबात तोंड वाकडं केलं नाही. ढीगभर चिरलेला पाला भरून तव्यावर भाजलेली पोळी, कोबीच्या पानात गुंडाळलेली कडधान्यं, दही, अक्रोड. ती प्रत्येकाच्या नावापुढे 'जान' लावायची. "सई जान, अजून घे." दोन घास झाल्यावर मलाही कुणीतरी जान म्हणालं आणि उगाचच डोळ्यांत पाणी आलं. घर सोडून तिसरा दिवस, त्यात एवढी माया, मी तरी काय करणार!

जेवताना चॅम्पने त्याची कहाणी सांगितली. जन्म आर्मेनियातल्या ग्युमरीचा. भूकंपात ते शहर जमीनदोस्त झालं तेव्हा तो लहान होता. पुढचे हिवाळे विजेविना गेले. तालीम खिडकीतला उजेड असेपर्यंतच चालायची, पोरं स्वेटर घालून एकमेकांना ठोसे मारायची. सतराव्या वर्षी भावाबरोबर इथे आला. आशोतदादांनी बंद पडलेल्या गाड्या ओढून न्यायचा ट्रक चालवला, म्हणून याला दिवसभर सराव करता आला. सुरुवातीच्या मॅच हरला. मग जिंकत गेला, आणि एका रात्री जगज्जेत्याचा पट्टा कमरेला बांधून याच टेबलाशी येऊन बसला. गल्लीतल्या लोकांनी दोन दिवस गाड्यांचे हॉर्न वाजवले म्हणे.

"आणि पट्टा गेला कसा?" सईने विचारलं.

"ते उद्या," चॅम्प म्हणाला. आशोतदादा ताटात बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिममध्ये. भिंतभर फोटो, आणि त्यांतल्या शेवटच्या फोटोसमोर चॅम्पने मला उभं केलं. रिंगमध्ये पांढरा टॉवेल पडलाय आणि चॅम्प कोपऱ्याकडे बघून ओरडतोय.

"दोन राउंड राहिले होते, मॉम," तो म्हणाला. सगळ्यांच्या आयांना तो मॉमच म्हणतो. "मी पॉइंट्सवर पुढे होतो. नुसता उभा राहिलो असतो तरी जिंकलो असतो. आशोतने टॉवेल टाकला. कोपऱ्यातून टॉवेल आला की मॅच संपली. पट्टा गेला. मी पुन्हा कधी लढलो नाही."

"का टाकला त्यांनी?"

"तेव्हा मला कळलं नाही. आज मला माझ्या मुलांची नावं आठवतात ती त्या टॉवेलमुळे. म्हणून माझा एक नियम आहे. मुलगी कशी लढते ते मी बघेन. पण तिच्या कोपऱ्यात घरचा माणूस उभा राहणार." आणि त्याने माझ्या हातात एक पांढरा टॉवेल ठेवला.

सईने माझ्याकडे असं पाहिलं की त्या नजरेचा अर्थ लावायला कुणाची गरज नव्हती. टॉवेल टाकायचा नाही, आई. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? आत्ताच टाकावा, पहिल्याच ठोशाला. म्हणजे संपलंच सगळं. गाडीत बसून दोघी घरी.

समोर त्याच जिममधली एक उंच मुलगी होती. डोक्याला संरक्षक हेडगिअर दोघींच्याही. या वेळी छताकडे बघायची सोय नव्हती, हातात टॉवेल होता. म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मुलीला लढताना पाहिलं. आणि काय सांगू! ती सुंदर लढते हो. पाय असे हलके, आणि डोळे शांत. मी हरखून बघत राहिले. पहिला राउंड तिने जिंकला, दुसराही. टॉवेल टाकायचा विचार कुठल्या कुठे गेला. "मार, सई!" असं मी ओरडले, चक्क मराठीत.

तिसऱ्या राउंडमध्ये तिला कानशिलापाशी एक ठोसा बसला. फार जोरात नव्हता. तिने मान डोलावली. बॉक्सर लोक तसं करतात, मला काही झालं नाही हे दाखवायला. मुलं टाळ्या वाजवू लागली. पुन्हा एक बसला, पुन्हा मान डोलली, हळू, आज्ञाधारकपणे. ती मान माझ्या ओळखीची होती. लहानपणी सईला ताप चढला की ती रडायची नाही, हट्ट करायची नाही. औषध घे, हो. झोप, हो. सगळ्याला मान डोलवायची. एरवी या मुलीने माझं एक धड ऐकलं असेल तर शपथ. हातातला टॉवेल रिंगमध्ये गेला.

"आई! What did you do?" सई किंचाळली. "I was fine! मी जिंकत होते!"

चॅम्प दोरीखालून आत गेला. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्याने विचारलं, "सई जान, कितवा राउंड?"

"दुसरा," ती म्हणाली.

चॅम्पने तिथेच तिचे ग्लोव्ह्ज सोडायला घेतले.

डॉक्टरांनी मेंदूला हलकी इजा झाल्याचं सांगितलं. महिनाभर रिंग बंद, गाडी चालवायची नाही, स्क्रीन नाही. चॅम्प मात्र म्हणाला, "डॉक्टर हो म्हणतील त्या दिवशी ये. मी घेतलं तुला." सईने मान डोलावली. माझ्याशी ती बोलली नाही.

आणखी दोन दिवस त्या घराने आम्हाला सांभाळलं. अंधाऱ्या खोलीत सई झोपून, बाहेर अंगणात मी आणि आशोतदादा कॉफी पीत. मी म्हटलं, ही मला कधी माफ करणार नाही. त्यांनी कप खाली ठेवला.

"माझा भाऊ वर्षभर माझ्याशी बोलला नाही," ते म्हणाले. "समोर आला की शिव्या द्यायचा. मी रोज देवाचे आभार मानले. शिव्या द्यायला डोकं शाबूत लागतं."

परतीचे तीन दिवस मी एकटीने गाडी चालवली. सई काळा गॉगल लावून शेजारी. भूक लागली? हो. एसी कमी करू? हो. इथे थांबायचं? हो. ती रागाने गप्प असती तर मला चाललं असतं. त्या प्रत्येक 'हो'ला मी मान वळवून तिचा चेहरा बघत होते. न्यू मेक्सिकोचं ते अफाट आभाळ मी या वेळी पाहिलंच नाही, त्यामुळे त्याबद्दल काही लिहीत नाही.

प्लेनोत येऊन आठवडा झाला. काल संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. सई स्वयंपाकघरात आली, टेबलावर तबला वाजवावा तशी बोटं आपटत उभी राहिली.

"पुढच्या महिन्यात डॉक्टरकडे जाऊ," मी म्हटलं. "मग ठरवू कधी निघायचं ते."

"नाही," ती म्हणाली.

माझं लाटणं थांबलं.

"डॉक्टर नेक्स्ट वीक बघणार आहेत, मी अपॉइंटमेंट बदलून घेतली. आणि ठरवू काय, ठरलंय. आणि कॉर्नरला तू नको, बाबा येईल." तिचा आवाज चढत चालला होता. "You didn't even give me ten seconds! पहिले दोन राउंड मी घेतले होते, तिची लेफ्ट मला कळली होती, मी तिला कोपऱ्यात नेत होते, आणि तू... तू तर कधी बघत पण नाहीस, सीलिंगकडे बघतेस, मला माहितीये! लहानपणापासून माहितीये!"

"मला रक्त बघवत नाही," बाहेरून नवरा ओरडला. "मला कुठे उभं करता?"

"तू थांब, बाबा! आई, प्रॉमिस कर. परत टॉवेल टाकणार नाहीस."

"नाही करणार प्रॉमिस," मी म्हटलं. "वाटलं तर परत टाकेन."

मग ती जी सुरू झाली! ॲरिझोनातली खोली, सुटकेसमधलं ग्रीन कार्ड, तिसरीतल्या वाढदिवसाला मी विसरलेला केक, एकेक करून सगळं काढलं. तारीखवार. कुठे अडखळली नाही, काही विसरली नाही. मी पीठ लागलेले हात तसेच धरून ऐकत होते, आणि माझ्या चेहऱ्यावर हसू बघून ती आणखी चिडली.

"हसतेस काय? I'm so mad at you!"

"हो गं बाळा," मी म्हटलं. "भांड. अजून भांड."