खांबाच्या पायथ्याशी

नोकरीत मला पहिला सेफ्टी बेल्ट मिळाला तो पुरुषाच्या कमरेच्या मापाचा होता. चांभाराकडे नेऊन मी त्याला आतल्या बाजूला आणखी दोन भोकं पाडून घेतली. दौंडला आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड केला होता, परीक्षा देऊन विजेच्या खात्यात लागले होते, आणि पोस्टिंग मिळालं शिरूर तालुक्यात, भीमेच्या पलीकडच्या गावांत. तिथल्या साहेबांनी मला ऑफिसात बसून बिलांच्या तक्रारी बघायला सांगितलं. मी म्हटलं, मला खांबावर चढायचंय, त्यासाठीच शिकलेय. ते हसले, पण अडवलं नाही.

सुरुवातीला मी चढायला लागले की खाली माणसं गोळा व्हायची. मोबाईल काढायची. मग सवय झाली. लाईट गेली की "बाईंना फोन लावा" म्हणायला लागली. वर गेल्यावर उसाचे पट्टे, विहिरी, नदीचं पाणी असं सगळं एकदम दिसायचं आणि खालचे आवाज लांब जायचे. माझ्याबरोबर एक जुने लाईनमन होते, मूळचे राहूचे. त्यांना सगळे मामाच म्हणायचे. तोंडाने फटकळ माणूस. पाय कुठं रोवायचा, बेल्टवर भार कसा टाकायचा, हे त्यांनीच मला शिकवलं, आणि शिकवताना एकदाही शाबासकी दिली नाही. तरी त्या दिवसांत मला वाटायचं, आपल्याला न जमण्यासारखं जगात फारसं काही नाही.

तो मार्चमधला एक दुपारचा कॉल होता. एका वस्तीवर खांबावरची तार तुटली होती. आम्ही डीपीवरचे फ्यूज काढले, मामा तिथंच उभे राहिले. मी वर चढून टेस्टिंगचा दिवा तारांना लावून बघितला, तारा मेलेल्या होत्या, करंट नव्हता. काम अर्ध्यावर आलं होतं. तेवढ्यात वस्तीवरच्या एका पोल्ट्रीवाल्याने उकाड्यात कोंबड्या मरतील म्हणून जनरेटर सुरू केलं. त्याने मेन स्विच पाडला नव्हता. त्याच्या जनरेटरचा करंट उलटा येऊन माझ्या तारेत आला.

मला आवाज आठवत नाही, दुखल्याचंही आठवत नाही. आपला हात आपला राहिलेला नाही, एवढंच कळलं. नंतर मी बेल्टला लोंबकळत होते आणि मामा कुणाच्या तरी नावाने शिव्या देत पळत होते. कुणीतरी जनरेटर बंद केलं. डावा तळवा भाजला होता, खांदा निखळला होता. शिरूरच्या दवाखान्यात तो पोल्ट्रीवाला आला, पायाशी उभा राहून रडला. म्हणाला, मला ठाऊकच नव्हतं बाई, की असं होतंय. चौकशीत माझी चूक नव्हती असं निघालं. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट मनात आलं, सगळं नीट करूनही असं होत असेल तर मग नीट करायचं तरी काय?

खांदा बसला, तळव्यावर नवी कातडी आली, डॉक्टरांनी कामावर जायला सांगितलं. पहिल्याच दिवशी एका शाळेजवळच्या खांबाशी गेलो. शिडी लावली. मी एक पाय ठेवला, दुसरा उचलायला गेले आणि तो उचललाच जाईना. घाम फुटला, कानात शिट्टी वाजायला लागली. शिडीला धरून मी तशीच उभी राहिले. ओट्यावर बसलेले एक आबा मायेनं म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाय. लई मोठ्या दुखण्यातनं उठलीयस." शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, ही माया सोसवली नाही. मामांनी मला बाजूला केलं आणि स्वतः चढले.

असं पुन्हा पुन्हा झालं. मग माझी बदली यवतच्या ऑफिसात झाली, तक्रारींचे फोन घ्यायला. नवरा रांजणगावला कंपनीत होता, तो तिकडंच खोली घेऊन राहिला. मी आणि मुलगी भांडगावला सासरी आलो. लोकांना वाटलं, सोय झाली. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

पण भीती खांबापुरती राहिली नाही. ती घरात आली. आधी मिक्सर लावताना हात आखडायला लागला, मग दिव्याचं बटन दाबतानाही. संध्याकाळी मी खोलीत अंधारात उभी राहायचे, सासूबाई मागून येऊन बटन दाबायच्या आणि निघून जायच्या. पुढं ऑफिसातल्या फोनवर बोलताना शब्द सापडेनासे झाले. पलीकडून कुणी आवाज चढवला की मी फोन शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या हातात द्यायचे. भाजी घेताना मेथी घ्यावी की पालक, तेही ठरेना. आपण जे ठरवू ते चुकणारच, अशी मनाने गाठ बांधली होती.

एकदा सासूबाई लग्नाला गेल्या होत्या. मुलगी तापाने फणफणलेली, टाकीतलं पाणी संपलेलं. मोटार चालू करायची म्हणजे भिंतीवरच्या पेटीतलं हिरवं बटन दाबायचं. मी पेटीसमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी शेजारच्या बाईंना बोलावलं. त्यांनी बटन दाबलं आणि हसत म्हणाल्या, "तुमी तर खांबावर चढायच्या ना वो?"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मी मोरीत गेले, नळ सोडला आणि त्या आवाजाआड तोंडात पदर कोंबून रडले. तेव्हापासून सकाळी डोळे उघडले की पहिला विचार यायचा, आज आपण नसतो तर सगळ्यांना सोपं गेलं असतं. कुणाला सांगितलं नाही. सांगण्याएवढीही उमेद नव्हती. मुलीची वेणी घालताना हा विचार आला की फार लाज वाटायची, आणि तरी तो यायचा.

नवरा सुटीला आला की समजूत काढायचा. एकदा त्याचाही धीर सुटला. म्हणाला, "तू आता कशालाच हो म्हणत न्हाईस. मी कुणाशी संसार करतोय तेच मला कळंना." मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं. सासूबाईंनी मध्ये पडून सांगितलं, नोकरी सोडली म्हणून काही बिघडत नाही, घरात बस, दोन म्हशी घेऊ. मला त्यात सुटका दिसली. दुसऱ्या दिवशी यवतच्या साहेबांना सांगून टाकलं की मी राजीनामा देते. ते म्हणाले, आठ दिवस विचार करा.

त्या आठ दिवसांत मामा आले. कुणी सांगितलं ठाऊक नाही. आता धीर देतील, या धास्तीने मी चहा ठेवायला आत पळाले. चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "राजीनामा दे, कोन न्हाई म्हनतंय. पर माझा गुडघा गेलाय. रविवारी यवतला हापिसामागल्या वावरात जुना खांब उतरवायचाय, दोरी धराया मानूस न्हाई. नुसतं खाली उभं ऱ्हायचं."

मी गेले, कारण नाही म्हणायलाही बळ लागतं. खांबाला एकही तार नव्हती. कुठूनही करंट येणं शक्य नव्हतं, हे मला कळत होतं. मी दोरी धरली आणि दिवसभर खाली उभी राहिले. खांब काही त्या दिवशी उतरला नाही. मामा पुढच्या रविवारी ये म्हणाले. तेव्हा म्हणाले, बेल्ट घालून बघ, नुसता घाल. मी घातला. कातडं कडक झालं होतं. त्याच्या पुढच्या खेपेला दोन पायऱ्या चढले आणि तिथंच ओकले. मामा खालून वैतागून म्हणाले, "आता शिडी कोन धुनार?" मी उतरून शिडी धुतली. या सगळ्यात ते मला एकदाही घाबरू नकोस म्हणाले नाहीत.

मध्ये एका रविवारी मी गेलेच नाही. अंथरुणातून उठवेना. वाटलं, मामा बोलवायला येतील, मग त्यांना काहीतरी कारण सांगू. ते आले नाहीत. फोनही केला नाही. दिवसभर मी दाराकडे कान लावून होते, आणि संध्याकाळी लक्षात आलं की मी चिडलेय. कितीतरी महिन्यांत मी चिडलेच नव्हते. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याआधी जाऊन बसले. त्या दिवशी वरपर्यंत पोचले. वर काही विशेष वाटलं नाही. खाली मामा तंबाखू मळत होते. राजीनामा मी दिला नव्हता. साहेबांनीही पुन्हा विषय काढला नाही.

साहेबांना सांगून मी पुन्हा लाईनच्या कामावर नाव घातलं. खरी लाईन आली ती बऱ्याच दिवसांनी, भांडगावजवळच्या एका वस्तीवर. फ्यूज काढल्यावर मी खांबाकडे जायच्याऐवजी घराघरात गेले. ज्याच्याकडे जनरेटर असेल त्याचं बघितलं, इन्व्हर्टर बघितला, मेन स्विच स्वतःच्या डोळ्यांसमोर पाडायला लावला. एक गडी चिडला. म्हणाला, "मॅडम, लाईट कवा येनार? का दुपारभर आमचीच तपासनी करताय?" मी म्हटलं, "तपासनी झाल्याबिगर मी चढनार न्हाई." माझाच आवाज मला अनोळखी वाटला. मग दिव्याने तारा बघितल्या, पुन्हा बघितल्या, आणि चढले. तार जोडली. उतरून जीपच्या मागे गेले तेव्हा दात वाजत होते. आनंद वगैरे काही झाला नाही. आपण अजून जिवंत आहोत, एवढंच पुन्हा पुन्हा मनात येत होतं. घरी जाऊन देवळीतला दिवा लावला, मुलीला दूध दिलं, मग भिंतीपाशी गेले आणि मोटारीचं हिरवं बटन दाबलं. टाकी भरलेलीच होती. पाणी वाहून गेलं, सासूबाई ओरडल्या, आणि मी ऐकून घेतलं.

नंतर मी अर्ज करून शिरूरकडं बदली मागून घेतली. मामा आता रिटायर झालेत. मी पूर्वीसारखी झालेली नाही. ती बिनघोर बाई परत येणार नाही, तिची वाट बघणं मी सोडलंय. घराघरात जाऊन स्विच बघते म्हणून लोक कुरकुरतात, कुरकुरू देत.

मागच्या महिन्यात वारं सुटलं होतं. एका खांबाशी गेलो, बेल्ट बांधला आणि ती जुनी शिट्टी कानात वाजायला लागली. बरोबरच्या सहकाऱ्याकडे वळून मी म्हटलं, "आज मला जमनार न्हाई. तुम्ही चढा, मी खाली बघते." तो बरं म्हणाला आणि चढला. मी शिडी धरून उभी राहिले. काम झाल्यावर आम्ही शिरूरच्या स्टँडसमोर वडापाव खाल्ला, त्याने त्याच्या बहिणीच्या लग्नाचं सांगितलं, मी घरी आले. दुसऱ्या दिवशी त्याच गावातून पुन्हा फोन आला. त्या दिवशी मी चढले.