हळदीच्या सकाळी केलेलं अपडेट

पोशीर गावातल्या हळदीला निघताना मी डीजेच्या मशीनपुढे नारळ फोडला आणि शुभ दिवस म्हणून लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअरही अपडेट केलं. मांडवात वायर जोडली, तर लॅपटॉप मशीनला ओळखेना. नवरीचा मामा सारखा विचारत होता, "चालू हाय ना रं?" मी हो हो म्हणत घामेजल्या बोटांनी कंपनीची साइट धुंडाळत होतो. कुठलं मशीन कुठल्या व्हर्जनवर चालतं ती यादी कुणाला दिसूच नये अशी ठेवली होती. सापडली, तेव्हा नव्या व्हर्जनपुढे माझ्या मशीनचं नाव नव्हतं. मामाने माझ्याऐवजी वाजवायला बेंजोवाले बोलावले.

आता ती यादी मी टेंपोच्या दारावर ऑइलपेंटने लिहिली आहे. खालापूरचे डीजेवाले तिचे फोटो काढून नेतात. मला ती पाठ आहे. तरी प्रत्येक हळदीला निघताना बोट ठेवून वाचतो, आणि मगच नारळ फोडतो.