दहा वेळा लागलेला दिवा

आमची जीप कारखान्यातून आलेली नाही. सुट्या भागांचा संच मागवून मी ती रिकाम्या गोठ्यात स्वतः जोडली. चार वर्षं आणि दोन महिने लागले. रंग झाला, नोंदणी झाली, तरी बायको तिच्यात बसायला तयार नव्हती. तिचं माहेर दरेकशाला. रस्ता जंगलातला, चढ-उतारांचा. ही जीप स्वतः चालवत आईच्या दारात न्यायची, हे तिनं लायसन्स काढलं त्याच दिवशी ठरवलं होतं. पण अट होती.

"ब्रेकचं तेल कमी झालं त मले सीटवर बसल्या बसल्या समजलं पायजे. उतारावर तुमची वही काय कामाची?"

वहीत मी कोणता बोल्ट किती आवळला ते लिहून ठेवतो. अट रास्त होती.

ब्रेक ऑइलच्या डबीला फ्लोट असलेलं झाकण आणलं. तेल उतरलं की फ्लोट खाली जातो, आतली जोडणी पुरी होते आणि समोरचा लाल दिवा लागतो. चावीकडून फ्यूजमधून दिव्याला एक तार, दिव्यापासून झाकणाला दुसरी, झाकणापासून बॉडीला तिसरी. मीटर लावला: बॅटरीवर १२.६ व्होल्ट, दिव्यावर १२.४. रविवारी तिला सीटवर बसवून मी बॉनेटखाली झाकण उचललं. फ्लोट खाली लोंबला, दिवा लागला. झाकण बसवलं, विझला. असं दहा वेळा केलं.

"झालं समाधान?"

"बत्ती लागली नाही, म्हणजे तेल हाये का बलबच उडाला, हे मले कसं समजन?"

चार वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. तिच्या माहेरी धान कोठीत टाकण्याआधी दाणा दाताखाली फोडून पाहतात. किती दिवस ऊन दिलं हे नुसतं सांगून तिथे कोणी ऐकत नाही. ती सवय ती घेऊनच आली आहे.

उपाय सोपा होता. हँडब्रेकच्या दांड्याखाली एक बटण बसवलं आणि त्याची तार त्याच दिव्याला जोडली. हँडब्रेक ओढला की दिवा लागतो, सोडला की विझतो. रोज निघताना बल्ब आपोआप तपासला जाणार. सांध्यावर टेप गुंडाळली, हँडब्रेक दहा वेळा ओढला, दहाही वेळा दिवा लागला. वहीत लिहिलं आणि पुढच्या रविवारी सकाळी तिला म्हटलं, "आईले फोन कर. जेवाले येऊन राहिलो म्हन."

तिनं फोन केला. नवी साडी नेसून स्टिअरिंगमागे बसली, हँडब्रेक ओढून दिवा पाहिला, सोडून तो विझवला. मग म्हणाली, "आता झाकन उचला."

"काऊन? ते मागच्या रविवारी पायलं ना."

"उचला त."

उचललं.

"अंधार हाये इथं," ती आतून म्हणाली.

टेप सोडली. नवी तार बसवताना झाकणाची तार दिव्यामागच्या क्लिपमधून निसटली होती आणि मी तिच्यावर नीट, तीन वेढे टेप गुंडाळली होती. डबी कोरडी पडली असती तरी दिवा लागला नसता. हँडब्रेकवर मात्र तो रोज लागला असता आणि आम्ही निश्चिंत उतार उतरलो असतो.

"दहा दाने फोडले तुमी," ती म्हणाली, "पन एकाच पोत्यातले."

मला वाटलं, आता ती आईला येत नाही म्हणून कळवणार. ती खाली उतरली, पदर खोचला आणि पक्कड माझ्या हातात दिली. "जोडा. आईनं भात टाकला असन."

जोडलं. यावेळी दोन्ही तपासण्या तिनं स्वतः केल्या आणि मी सीटवर बसून "लागला, विझला" सांगत राहिलो. दरेकशाच्या उतारावर दिवा विझलेलाच राहिला. दारात सासूबाईंनी आधी लेकीकडे पाहिलं, मग जीपकडे.

"जवाई, गाडी कोनं आनली?"

"हिनं," मी म्हटलं.

आता दरेकशाला निघण्याआधी ती बॉनेट उघडते आणि मी सीटवर बसतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून झाकण फार वेळ उघडं ठेवू नये, असं मी तिला सांगितलं आहे. ती चार सेकंदांत काम उरकते. मी मोजतो.