यादरानची आठ कानांची पेटी

बेटावरच्या कोमिझा गावात ज्याला गाता येत नाही त्याच्यासमोर दोनच वाटा असतात. एक तर त्याने बोट घेऊन समुद्रावरच मुक्काम ठोकावा, नाहीतर गाणाऱ्यांचे पेले भरत बसावं. यादरान मार्देशिचने तिसरी वाट शोधली. त्याने रेकॉर्डिंगची पेटी घेतली.

आपल्याला गाता येत नाही हे त्याला मान्य नव्हतं, हा भाग वेगळा. तरुणपणी तो गावाच्या क्लापात उभा राहायचा. क्लापा म्हणजे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, कुठल्याही वाद्याशिवाय गाणारे आठ पुरुष. पण जाड आवाजाचा विट्स्को, जो तेव्हाही टोळीचा म्होरक्या होता आणि आजही आहे, एक दिवस सगळ्यांदेखत म्हणाला, "यादरान, तुझा सूर खाली बसतो. आणि एकदा बसला की दुपारी झोपलेल्या माणसासारखा उठतच नाही." त्याच्या जागी दुसरा माणूस आला. यादरानला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं की आपली गाणी त्याने ध्वनिमुद्रित करावीत. ही हकालपट्टी आहे हे सगळ्या गावाला कळलं. यादरानला मात्र ती बढती वाटली.

बढतीला शोभेल अशी पेटी त्याने आणली. करड्या रंगाची, विटेएवढी जड, पुढे आठ माइक जोडायला आठ भोकं, मागे बोटाएवढ्या जाड केबलची खोबण. माइकमधला आवाज घ्यायचा आणि संगणकाला समजेल अशा रूपात त्याच्या पदरात टाकायचा, एवढंच तिचं काम. यादरान मात्र तिच्याबद्दल असं बोलायचा, जसं लोक घरच्या बिशपबद्दल बोलतात. "आठ गळे, आठ कान," तो सांगायचा. "नव्या पेट्यांना दोनच कान असतात. दोन कानांनी लग्नातली भाषणं ऐकावीत, क्लापा नाही."

पुढे त्याचा जुना संगणक वारला. झाग्रेबला राहणाऱ्या मुलीने, निवेसने, नवा पाठवला. तो इतका सडपातळ होता की यादरानने आधी खोक्यात अजून काही राहिलंय का ते पाहिलं. बाजूला दोन बारीक लांबट भोकं, बाकी काही नाही. पेटीची जाड केबल त्या भोकांसमोर धरली की दारात अडकलेल्या पिंपाची आठवण व्हायची.

नेमक्या त्याच आठवड्यात प्रॉस्पेरचं कळलं.

प्रॉस्पेर हा क्लापाचा पहिला गळा. गाणं तो एकटा उचलायचा, बाकीचे सात मागून येऊन त्याला धरायचे. त्याच्या घशात गाठ निघाली होती. समुद्रापलीकडच्या स्प्लित शहरातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की स्वरयंत्रासकट काढावी लागेल. जीव राहील, आवाज राहणार नाही. गाठ अजून स्वरतंतूंना भिडली नव्हती, त्यामुळे गळा शाबूत होता, पण रविवारच्या संध्याकाळच्या बोटीने त्याला निघायचं होतं. रविवारी सकाळी त्याच्याच तळघरात त्याचं गाणं कायमचं टिपून ठेवायचं ठरलं. पाहुण्याला सोडायच्या वेळी म्हणतात ते गाणं, जे त्याच्याशिवाय कोणी उचलत नसे. कोणी टिपायचं, हा प्रश्नच नव्हता.

यादरानने मुलीला फोन लावला.

"बाबा, ती पेटी आता चालणार नाही," निवेस म्हणाली. "सरळ नवी घे. मी पाठवते."

"पेटीला काय धाड भरलीये? दिवा लागतो तिचा."

"दिवा तर फ्रिजमध्येही लागतो. या संगणकाला तुझी पेटी ओळखता येत नाही. ती ओळख करून देणारा प्रोग्रॅम लागतो, आणि तो बनवणं कंपनीने कधीच बंद केलंय."

"ओळख मी करून देतो. मी दोघांनाही ओळखतो."

"बाबा, हा विषय ओळखीपाळखीचा नाहीये."

"पोरी, या बेटावर सगळे विषय ओळखीचेच असतात," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

आणि ओळखीनेच त्याने तीन अडॅप्टर मिळवले. जाड केबलला मधल्या केबलचं तोंड, त्याला आणखी एक पांढरं तोंड, त्याला संगणकात जाणारं शेवटचं बारीक तोंड. सगळी माळ टेबलावर पसरली तेव्हा पेटी एका टोकाला आणि संगणक दुसऱ्या टोकाला, मध्ये जेवणाची ताटं ठेवायला जागा राहिली नाही. त्याने पेटीचा दिवा लावला, माइक तोंडाशी धरला आणि म्हणाला, "एक, दोन." पडद्यावर हिरवी लाट उठली. यादरानच्या छातीतही उठली. झाग्रेबमध्ये शिकलेल्या लोकांना आपण पाणी पाजलं या आनंदात त्याने स्वतःसाठी एक पेला ओतला, आणि मुलीला फोन करून "चालली" एवढंच सांगितलं. तिने काही विचारायच्या आत ठेवूनही दिला.

रविवारी तळघरात आठ माइक उभे राहिले. एकेकाने आपापल्या माइकसमोर वेगवेगळं उभं राहावं, अशी यादरानची इच्छा होती. विट्स्को म्हणाला, "आम्ही गायला आलोय, पासपोर्टचे फोटो काढायला नाही." आणि आठही जण नेहमीसारखे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून कोंडाळं करून उभे राहिले. माइक त्यांच्या भोवती मयतीला आलेल्या दूरच्या नातेवाइकांसारखे ताटकळत राहिले.

या क्लापाचे आपले असे नियम होते, आणि ते कोणी मोडत नसे. एक गाणं एका दिवसात एकदाच. जेवण झाल्याशिवाय स्वतःचं गाणं ऐकायचं नाही, तो उतावळेपणा समजला जाई. आणि कोणी गात असताना कान झाकायचे नाहीत. कान झाकणं म्हणजे तोंडावर "बस कर" म्हणणं. म्हणून यादरानने हेडफोन गळ्यातच ठेवले. पडद्यावर लाटा उठत होत्या, पेटीचा दिवा जळत होता. आणखी काय हवं? त्याने बोट वर करून इशारा केला.

प्रॉस्पेरने गाणं उचललं. तो नेहमी गायचा तसाच गायला, ना जास्त ना कमी, आणि म्हणूनच ऐकवत नव्हतं. दुसऱ्या ओळीला सात जण मागून आले. यादरान संगणकाला जवळजवळ चिकटून बसला होता. गाणं मनाला भिडलं की त्याचं जे व्हायचं तेच झालं. ओठ मिटून, नाकातल्या नाकात तो सोबत गाऊ लागला. इतक्या हळू की समोरच्या आठांना पत्ता लागला नाही.

मग येर्काने, प्रॉस्पेरच्या बायकोने, माशांचा रस्सा आणि पोलेंता, मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, वाढली. प्रॉस्पेरने दोनदा घेतलं. पेले रिकामे झाल्यावर विट्स्को म्हणाला, "हं, ऐकव आता तुझ्या आठ कानांनी काय ऐकलंय ते."

यादरानने बटण दाबलं.

आधी खुर्ची करकरली. मग संगणकाचा पंखा घरघरला. मग एका माणसाचा दमदार श्वास आला. आणि मग, कुठेतरी लांब, भिंतीपलीकडे असावा तसा प्रॉस्पेरचा सूर लागला, आणि त्याच्या छाताडावर बसून, अगदी कानाशी, खालच्या पट्टीत, यादरान मार्देशिच गुणगुणू लागला. शेवटपर्यंत.

संगणकाने पेटीला ओळख दिलीच नव्हती. ज्याला ओळखत नाही त्याला दारात उभं करून त्याने आपला स्वतःचा, पडद्याखालचा टाचणीएवढा माइक उघडला होता. घरी "एक, दोन" त्यानेच ऐकलं होतं. आठ कानांची पेटी सकाळपासून फक्त दिवा लावून बसली होती.

"खालचा आवाज कुणाचा म्हणे?" विट्स्कोने विचारलं. कोणी हसलं नाही.

"पुन्हा एकदा घेऊ," यादरान म्हणाला. "प्रॉस्पेर, एकदाच. मी नियमाबियमाचं बघतो. माझ्या नावावर घाला सगळं."

"जेवण झालंय माझं," प्रॉस्पेर शांतपणे म्हणाला. "आणि होतं तेवढं दिलंय मी." त्याने पिशवी उचलली आणि धक्क्याकडे चालू लागला. यादरान केबली गुंडाळत बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या पेटीचा मनापासून राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

त्याने रेकॉर्डिंग निवेसला पाठवलं आणि माझा आवाज काढून टाक म्हणून विनवलं. चालली म्हणून टेचात फोन ठेवणारा बाप विनवण्या करतोय हे पाहून तिला टोमणाही मारवेना.

"नाही निघत, बाबा. एकाच कानात दोघंही शिरलेत. तुझा काढायला गेले की त्याचाही निघतो."

ऑपरेशन झालं. थोड्या दिवसांनी येर्काचा फोन आला. "ते रेकॉर्डिंग घेऊन स्प्लितला ये. तो मागतोय."

"येर्का, ते ऐकवण्यासारखं नाहीये गं."

"त्याला माहीत आहे. तो होता ना तिथे. तू ये."

प्रॉस्पेर खाटेवर उशीला टेकून बसला होता, गळ्याला पट्टी, पट्टीत नळी. यादरानने ना धड तोंड वर केलं ना धड हालहवाल विचारली. संगणक उघडला, बटण दाबलं आणि स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. खुर्ची करकरली, श्वास आला, लांबवर तो सूर लागला आणि त्यावर हा सूर चढून बसला. गाणं संपलं. यादरानने वर पाहिलं. प्रॉस्पेरचे खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तोंडातून काहीही निघत नव्हतं.

"हसवू नकोस त्याला, टाके आहेत," येर्का म्हणाली.

प्रॉस्पेरने हाताने खूण केली, परत लाव. या वेळी तो हसला नाही. आपला सूर यायच्या जागी त्याचे ओठ उघडले आणि शब्द म्हणत राहिले. जिथे यादरानची गुणगुण सुरू होत होती तिथे त्याने हात वर करून थांबवलं, यादरानच्या छातीकडे बोट दाखवलं आणि मग तेच बोट हळूच वर उचललं.

"खाली आहे म्हणतोस," यादरान पुटपुटला. "माहीत आहे मला. गावाला माहीत आहे."

प्रॉस्पेरने नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा त्याच्याकडे बोट दाखवलं. नंतर स्वतःच्या तोंडाकडे. नंतर परत त्याच्याकडे.

"मी गाऊ? इथे? लोक आहेत, प्रॉस्पेर."

बोट हललं नाही. यादरानने शेजारच्या खाटांकडे पाहिलं, घसा साफ केला आणि प्रॉस्पेरची ती पहिली ओळ उचलली. प्रॉस्पेरने डोळे मिटून ऐकलं आणि बोट थोडं वर नेलं. यादरानने सूर वर ढकलला. बोट आणखी वर गेलं.