निळ्या फुलाची टाइल

आमच्या मसुऱ्याच्या घरात न्हाणीघराच्या भिंतीला आजवर एक खिळा लागला नव्हता. बाबांनी गोव्याहून निळ्या फुलांच्या टाइल आणून बसवल्या तेव्हापासून आईचा तसा हुकूमच होता. साबण खिडकीत, टॉवेल दारावर, आरसा बाहेर पडवीत. बाबा गेल्यावर तर पाहुण्यांनाही आधी बजावलं जायचं, भिंतीला हात टेकू नका. आम्ही हसायचो, पण खिळा ठोकायची कोणाची छाती झाली नाही.

गेल्या गणपतीनंतर आई त्याच न्हाणीघरात घसरली. मनगटाचं हाड सांधलं, भीती मात्र राहिली. शेजारच्या काकी रोज येऊन तिला आंघोळ घालू लागल्या. काकी मायेच्या, पण आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. धरायला एक दांडी असती तर ती एकटी न्हाली असती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

मी ओरोसला नोकरी करते. एका रविवारी स्टीलची दांडी आणि ड्रिल मशीन घेऊन आले. टाइलला भोक पाडायची रीत नीट विचारून घेतली होती. खुणेवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे टोक घसरत नाही. मशीनचं ठोके मारणारं बटण बंद ठेवायचं, वेग कमी, मधूनमधून पाणी, आणि जोर करायचा नाही. हे शेवटचं मला जड जातं. मी आईवर गेलेय.

फुलं वाचावीत म्हणून मी जागा आखली ती दाराजवळच्या साध्या पांढऱ्या टाइलवर. भोक पडलं, मागच्या जांभ्या चिऱ्याची लाल भुकटी ओघळली, टाइलला तडा नाही. खुशीत मी आईला बोलावलं.

ती आत येऊन स्टुलावर बसली आणि हात लांब केला. वीतभर कमी पडला.

“माझो हात थयसर पोचणा नाय,” ती म्हणाली आणि सवयीने शेजारच्या भिंतीवर तळवा ठेवला. बरोबर एका निळ्या फुलावर. ते फूल बाकीच्यांपेक्षा फिकट झालं होतं. जगाला हात टेकू नका म्हणणारी ही बाई इतकी वर्षं तिथेच हात टेकून उठत होती.

“हयसर मार.”

“आणि लादी फुटली तर गो?”

“फुटली तर फुटांदे. माका दुसऱ्याच्या हातची आंघोळ नको. तुझ्या बापाशीक काय ता मी सांगान.”

मी फुलावर चिकटपट्टी लावली. तीन भोकं नीट पडली. चौथ्याला मी जोर केलाच, आणि केसाएवढा तडा पाकळीपर्यंत गेला. मला रडू आलं, तरी दांडी बसवली. आईने तड्यावरून बोट फिरवलं.

“दांडी घट्ट आसा मा?” तिने एवढंच विचारलं.

चिरा मऊ, म्हणून स्क्रू पकडून ठेवायला भोकांत प्लास्टिकच्या लांब गिट्ट्या घातल्या होत्या. मी सगळं वजन टाकून दांडीला लोंबकळून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी आल्या, तेव्हा न्हाणीघराला आतून कडी होती. कडी लावू नकोस, असं मी ओरडून सांगणार होते. तेवढ्यात आत पहिला तांब्या अंगावर पडल्याचा आवाज आला.

“काकी, बस,” मी म्हटलं, “चाय घेवन जा.”